चार नंबरच्या ग्लासातला कोबी

पहिल्याच वाक्यात सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी मध्येच तोंड घालायला नको: त्या दिवशी माझं नाक बंद नव्हतं. सर्दी नव्हती, पडसं नव्हतं, आणि गवत फुललं की लोक जसे शिंकत सुटतात तसा मी जन्मात कधी शिंकलेलो नाही. आमच्या हॉकलो गावात सध्या याच्या बरोब्बर उलट बोललं जातं. बोलणाऱ्यांत माझा शेजारी आहे, माझा दंतवैद्य आहे आणि एका हळव्या क्षणी माझी सख्खी बायकोही होती. तरीही नाक माझं आहे, आणि त्याच्याबद्दल शेवटचा शब्द मीच बोलणार.

मी अँब्रोज टनिक्लिफ. उभी हयात पाणीपुरवठा कंपनीत काढली. पाण्याला वास येतो अशी कुणाची तक्रार आली की नमुना मागवायचा, चाखायचा आणि 'पाण्याला वास येत नाही' असं कळवायचं, हे माझं काम. हे मी इतकी वर्षं इतक्या निष्ठेनं केलं, की निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी भाषणात माझ्या जिभेचा खास उल्लेख केला. नंतर घड्याळ दिलं. ते बंद होतं, पण तो विषय वेगळा.

निवृत्त माणसानं काहीतरी छंद लावून घ्यावा असं सगळेच म्हणतात. तो घरात लावून घेऊ नये, एवढीच माझ्या बायकोची, ग्वेंडाची अट होती. म्हणून मी बर्टनला पेल एल नावाची फिकट बिअर चाखायला शिकवणाऱ्या संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं. ज्या गावच्या पाण्यावर ही बिअर वाढली तिथेच ती शिकावी, आणि पाण्याचा माणूस असल्यानं मी सहज पुढे जाईन, असा माझा हिशोब होता. तसा गेलोही. बिअर उजेडासमोर धरून रंग कसा बघायचा, छोटे छोटे हुंगे कसे घ्यायचे, संत्र्याच्या सालीचा वास कुठला आणि ओल्या गवताचा कुठला, हे मला चटकन जमलं. एक गोष्ट आमच्या शिक्षकानं पहिल्याच दिवशी बजावली होती. वाइन चाखणारे थुंकतात. बिअर चाखणाऱ्यानं गिळलीच पाहिजे, कारण कडूपणाचा खरा निकाल घशाशी लागतो. वर्गातल्या सर्वांनी हे एकमतानं मान्य केलं.

गुण ओळखायला सोपे असतात. दोष ओळखणं कठीण. बिघडलेल्या बिअरला कधी ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो, कधी खवट लोण्याचा, कधी उकडलेल्या कोबीचा. हे वास नाकात पक्के बसावेत म्हणून घरी अभ्यास करायचा होता. मी केला. ग्वेंडाच्या स्वयंपाकघरात आठवडाभर झाकलेल्या वाट्या ठेवल्या आणि डोळे बांधून हुंगत बसलो. बहिणीचा फोन आला की ग्वेंडा दार लावून घ्यायची. एका सकाळी पावसात भिजलेलं खोकं मी फाटकाजवळ गुडघ्यावर बसून हुंगत होतो, तेवढ्यात कुंपणावरून शेजारच्या रॉय हॅलमचं डोकं वर आलं.

"अरे अँब्रोज, काही हरवलंय का?"

"नाही. अभ्यास चाललाय."

"बरं बरं," रॉय म्हणाला. दुपारी त्यानं आमच्या पत्रपेटीत एका डॉक्टरचा पत्ता टाकला. डॉक्टर डोक्याचा होता.

अभ्यास संपला, प्रमाणपत्र मिळालं, आणि ते मी 'उपाशी बगळा'मध्ये सहज म्हणून खिशातून काढलं. 'उपाशी बगळा' हा आमच्या गावचा पब. तो एनिडबाई बॅगली चालवतात. मागच्या शेडमध्ये स्वतःची पेल एल करतात आणि पुढे स्वतःच ओततात. खिडकीजवळची खुर्ची माझी. तशी ती कुणाच्या नावावर नाही, पण तिथे दुसरं कुणी बसलं तर एनिडबाई त्याला उठवायच्या. निवृत्तीनंतर माणसाला कळतं की आपण न दिसल्यानं कुणाचंही अडत नाही. त्या एका खुर्चीपाशी तेवढं अडायचं. संध्याकाळ टळली आणि मी आलो नाही, तर कुणीतरी म्हणायचं, 'अँब्रोज कुठाय आज?' मला एवढं पुरत होतं.

प्रमाणपत्र हातोहात फिरत शेवटी मिसेस ऑड्री पेग यांच्यापर्यंत पोचलं. पेगबाई म्हणजे आमच्या ग्रामसभागृह समितीच्या अध्यक्षा. त्यांच्याकडे अध्यक्षपद आलं नसतं तर त्यांनी दुसरं एखादं गाव वसवलं असतं, अशा बाई. त्यांनी चष्मा लावून प्रमाणपत्र वाचलं आणि म्हणाल्या, "मिस्टर टनिक्लिफ, जूनच्या बिअर महोत्सवाला आमच्याकडे तिसरा परीक्षक नाही. मागचे गृहस्थ वारले."

"कशानं?" मी विचारलं.

"वयानं," पेगबाई म्हणाल्या, आणि मी परीक्षक झालो.

परीक्षण वाटतं तितकं सोपं नसतं. आमचं सभागृह जोसाया क्लॅम्प नावाच्या मेणबत्त्यावाल्यानं गावाला दान दिलेलं. हा गृहस्थ कट्टर दारूविरोधी. दानपत्रात त्यानं लिहून ठेवलंय की 'या छपराखाली मद्याचा एकही घोट कुणाच्या घशाखाली उतरता कामा नये'. आता गावात कोरडी, सपाट, टेबलं मावतील अशी जागा ती एकच. त्यामुळे आमच्या पणज्यांच्या काळापासून रीत पडून गेलीय: बिअर आत मांडायची, आत बघायची, आत हुंगायची, आणि घोट घ्यायचा झाला की ग्लास घेऊन उंबरठ्याबाहेर जायचं, गिळायचं, आणि आत येऊन मार्क लिहायचे. तोंडात घोट धरून बाहेर पळालं तर चालतं का, यावर एकदा समितीत दोन तट पडले होते. असो.

यंदा त्यात विमा कंपनीनं शंका काढली. परीक्षक पाय घसरून पडला तर तो सभागृहात पडला की बाहेर? पेगबाईंनी टेप घेऊन उंबरठा मोजला. मग प्रश्न आला की दारावरचा छज्जा हे 'छप्पर' धरायचं की नाही. त्यांनी जिल्हा कचेरीला पत्र लिहिलं. कचेरीनं कळवलं की दानपत्रं आमच्या अखत्यारीत नाहीत, पण छज्जा बांधायला परवानगी घेतली होती का ते कळवावं. मग त्या छज्ज्याचा कागद शोधण्यात सगळा मे महिना गेला. कागद मिळाला नाही. शेवटी परीक्षकांनी छज्ज्याच्या पलीकडे, उघड्यावर उभं राहून प्यावं असं ठरलं. "छत्री चालेल?" दंतवैद्य क्विल्टरनं विचारलं. छत्री हे छप्पर आहे का, यावर पुन्हा तासभर चर्चा झाली, आणि मला वाटलं, जोसाया क्लॅम्प वर कुठेतरी समाधानानं हसत असेल.

आता मूळ गोम सांगायला हवी. एनिडबाईंची पेल एल प्यायला वाईट होती. नवरा विल्फ होता तेव्हा ती दोघं मिळून करायची, आणि तेव्हाही ती काही अमृत नव्हती. पण विल्फ गेल्यावर त्या बिअरला एक वास यायला लागला. नवऱ्याचं दुःख ताजं होतं, त्यामुळे पहिल्या महिन्यात कुणी बोललं नाही. दुसऱ्या महिन्यात बोलावं, तर पहिल्या महिन्यात का नाही बोललो असा प्रश्न आला असता. अशी अकरा वर्षं गेली. आमच्याकडे बिअर उत्तम असली तर लोक म्हणतात, 'वाईट नाही.' अगदीच फेकून देण्याजोगी असली तर म्हणतात, 'वेगळी आहे.' 'छान' हा शब्द गावात फक्त एनिडबाईंच्या बिअरसाठी राखून ठेवला होता. महोत्सवात बिअर कुणाची ते कळू नये म्हणून ग्लासांवर नुसते नंबर असतात. तरी करंडक दर वर्षी एनिडबाईंनाच मिळे, कारण तो ग्लास कुठला हे आंधळ्याला तर कळेच, पण दाराशी बांधलेल्या कुत्र्यालाही कळे.

आणि मी? मीही रोज संध्याकाळी 'छान' म्हणायचो. लपवत नाही.

महोत्सवाच्या दिवशी रिमझिम होती. टेबलावर ओळीनं ग्लास मांडलेले. आम्ही तिघं परीक्षक: पाद्रीणबाई थ्रेल, दंतवैद्य क्विल्टर आणि मी. तीन नंबरच्या ग्लासात आंबा घातलेली पेल एल होती. ती डर्बीच्या रूफस नावाच्या दाढीवाल्या तरुण बिअरवाल्याची, हे दाढी टेबलाभोवती घुटमळत असल्यानं कळत होतं. बिअरमध्ये आंबा घालणं मला तत्त्वतः मान्य नाही. परंतु परीक्षकाला तत्त्वं उंबरठ्याबाहेर ठेवावी लागतात. मी ग्लास उजेडाकडे धरला. रंग मधाचा, स्वच्छ. हुंगलं, हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडूपणा देणाऱ्या फुलांचा, राळेसारखा वास पुढे, फळ मागे, नम्रपणे. बाहेर जाऊन पावसात घोट घेतला. जिभेवर भाजलेल्या बिस्किटाची चव आली, मग कडूपणा आला, थोडा वेळ बसला आणि वेळेवर उठून गेला. माझ्या घरी येणाऱ्या एकाही पाहुण्याला हे जमलेलं नाही. मी आत आलो आणि वीसपैकी सोळा दिले.

मग चार नंबर. ग्लास नाकाशी न्यायची गरजच नव्हती. शेजारी पाद्रीणबाईंनी डोळे मिटले, बाहेर जाऊन शूरपणे गिळलं, परत येऊन वीस लिहिले. क्विल्टरनं तर बाहेर न जाताच वीस लिहिले. मी मात्र नियमाप्रमाणे बाहेर गेलो. घोट घेतला. पाऊस मानेवरून आत जात होता. आणि मला वाटलं, पाण्याला वास येत नाही असं मी आयुष्यभर लिहिलं, ते खरं होतं म्हणून लिहिलं. एकदाही खोटं लिहिलं नाही. आता निवृत्त झाल्यावर, पगार नसताना, कशाला सुरुवात करू?

मी चार मार्क दिले. खाली शेऱ्याच्या जागी शेरा लिहिला. शेरा बिअर करणाऱ्याला उपयोगी पडेल असा नेमका हवा, असं आम्हाला वर्गात शिकवलं होतं.

संध्याकाळी पेगबाईंनी ध्वनिक्षेपकावर निकाल वाचायला घेतला. शेरे वाचून दाखवायची प्रथा आहे, कारण आजवर शेऱ्यांत वाचण्यासारखं काही नसायचं. "चार नंबर," पेगबाई म्हणाल्या. "पाद्रीणबाई थ्रेल म्हणतात, 'नेहमीप्रमाणेच छान.' डॉक्टर क्विल्टर म्हणतात, 'नेहमीप्रमाणेच छान.' मिस्टर टनिक्लिफ म्हणतात, 'उकडलेल्या कोबीचा वास. तोही शाळेच्या खानावळीतल्या, आदल्या दिवशीच्या कोबीचा.'" पुढचं अक्षर नीट लागेना म्हणून त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला आणि तेही वाचलं: "'सुधारणेस भरपूर वाव.'"

कर्णा लांबवर ऐकू जातो. पलीकडच्या मैदानावर क्रिकेट चाललं होतं, तिथे म्हणे याच वाक्याला एक जण त्रिफळाचीत झाला. नंतर बेरीज झाली आणि माझ्या चार मार्कांमुळे करंडक पहिल्यांदाच गावाबाहेर गेला. आंब्याला. टाळी वाजली ती फक्त रूफसची.

मी 'बगळ्या'त गेलो. का जाऊ नये? माझ्या खुर्चीत बसलो. पाइंट अर्धा झाला असेल, तोच एनिडबाई आल्या आणि त्यांनी माझ्या हातातला ग्लास काढून घेतला.

"तुझा पाइंट संपला, अँब्रोज."

"अजून अर्धा आहे."

"संपला." त्यांचा आवाज मुळीच चढला नव्हता. "रोज संध्याकाळी माझ्या तोंडावर छान म्हणत होतास ना रे? मग आज काय झालं?"

"तेव्हा मी गिऱ्हाईक होतो," मी म्हणालो. "आज परीक्षक आहे."

यापेक्षा बिनडोक वाक्य त्या उन्हाळ्यात अख्ख्या इंग्लंडमध्ये कुणी बोललं नसेल, असं ग्वेंडाचं मत आहे. एनिडबाईंनी दाराकडे बोट केलं. "या पबात पुन्हा पाऊल टाकायचं नाही. चल, नीघ." मी निघालो. खुर्ची मात्र नीट आत सरकवून ठेवून निघालो.

आमच्या गावात कुणी भांडत नाही, वाळीतसुद्धा टाकत नाही. लोक फक्त जास्त सभ्य होतात. खाटिक मला 'सर' म्हणू लागला. पोस्टमन हवामानावर सविस्तर बोलू लागला. आणि एका सकाळी फाटकाच्या खांबावर एक कोबी ठेवलेला मिळाला. चांगला घट्ट, ताजा गड्डा. दुसऱ्या दिवशी दोन. मग रोजच. कोण ठेवतं ते कधीच कळलं नाही, पण मालाच्या दर्जावरून बरेच लोक सामील असावेत.

"टाकून दे ते," ग्वेंडा म्हणाली.

"का म्हणून? उकड. सगळे उकड."

"अँब्रोज!"

"मी खाणार आहे. खिडक्या उघड्या टाकून खाणार आहे. वास जाऊ दे रस्त्यावर. येणाऱ्या-जाणाऱ्यानं हुंगावा आणि आपल्या मनाला विचारावं, हा वास आपण यापूर्वी कुठे घेतलाय!"

तिनं उकडले. मी मोहरीची चटणी लावून खाल्ले. तिसऱ्या दिवशी पोटानं माझ्या विरुद्ध पक्षाला पाठिंबा दिला, पण मी ते चेहऱ्यावर दाखवलं नाही. ग्वेंडानं तेवढ्यात बहिणीकडे जाऊन यायचं ठरवलं. जाताना दारात थांबून म्हणाली, "तुला सर्दी झाली होती का रे खरंच? थोडीशी?" हाच तो हळवा क्षण.

सल्ल्यांना तोटा नव्हता. रॉयचं म्हणणं, फुलं पाठव. त्याच्या बायकोचं म्हणणं, फुलं नको, केक पाठव. क्विल्टरनं माझा दात कोरता कोरता, म्हणजे मला उत्तर देता येणार नाही अशा वेळी सांगितलं, की हिरडी सुजली तर चव बिघडते असं तो लिहून द्यायला तयार आहे. पाद्रीणबाई चहाला आल्या आणि क्षमेवर बोलल्या. कुणी कुणाला करायची ते मोघम ठेवलं. मी विचारलं, "पण बाई, त्या बिअरला कोबीचा वास येतो की नाही?" त्यांनी कपात बघितलं. "अँब्रोज, चहा छान आहे हं," त्या म्हणाल्या.

सगळ्यात शेवटी पेगबाई आल्या. समितीनं मार्ग काढला होता. महोत्सवाच्या दिवशी माझं नाक चोंदलेलं होतं, एवढं मी सही करून द्यायचं. मग माझे मार्क बाद, करंडक पुन्हा एनिडबाईंना, आणि त्या मला खुर्चीवर बसू देतील याची व्यवस्था पेगबाई करणार.

"म्हणजे सगळं पूर्ववत," पेगबाई म्हणाल्या. "शनिवारी दुपारी सभागृहात या. दोन मिनिटांचं काम."

खोटं कशाला बोलू? मोह झाला. चार संध्याकाळी मी घरी बसून भिंतीवरच्या बंद घड्याळाकडे बघत काढल्या होत्या. माणूस नाकाशिवाय जगू शकतो. खिडकीजवळच्या खुर्चीशिवाय कठीण जातं. शनिवारी मी पेन घेऊन गेलो होतो, हे इथे नमूद करतो.

सभागृह भरलेलं. सगळे इतक्या प्रेमानं बघत होते की जणू मी दवाखान्यातून घरी आलोय. पेगबाईंनी कागद पुढे केला. मी वाचला: 'माझ्या नाकाच्या सदोष अवस्थेमुळे.' सदोष! पाणीपुरवठ्याच्या मुख्य साहेबांनी भर सभेत ज्या जिभेचं कौतुक केलं, तिच्या वरच्याच मजल्यावर राहणाऱ्या नाकाला सदोष! माझी कानशिलं तापली.

"सही होणार नाही," मी म्हणालो.

"मिस्टर टनिक्लिफ, जरा समजून घ्या..."

"समजून घेतलंय. वास होता. आजही असेल. ज्याला येत नाही त्यानं हात वर करावा, मी त्याला माझ्या खर्चानं नाकाच्या डॉक्टरकडे नेतो!"

गलका झाला. आमच्याकडचा गलका म्हणजे पाचसहा जण एकदम खाकरले. रॉय ओरडला, "अरे, त्या बाईचा तरी विचार कर!" आणि मागून, दाराकडून आवाज आला:

"कुठल्या बाईचा?"

एनिडबाई दारात उभ्या होत्या. हातात जग, जगात पेल एल. "मला वाचवायला बसलात होय सगळे? मला न विचारता? चला, बाहेर चला. उंबरठ्याच्या पलीकडे. एकेकानं घोट घ्यायचा आणि माझ्या डोळ्यांत बघून सांगायचं."

कुणाची नाही म्हणायची छाती झाली नाही. अख्खी समिती छज्ज्यापलीकडे गवतात रांगेनं उभी राहिली. एनिडबाई एकेकाला ओतून देत पुढे सरकल्या. रॉय गिळून म्हणाला, "हिला स्वतःचं असं एक व्यक्तिमत्त्व आहे." क्विल्टर म्हणाला, "तोंडात बराच वेळ राहते." पाद्रीणबाई म्हणाल्या, "मला विल्फची आठवण येते." पेगबाईंनी अध्यक्षांना मत नसतं असा नियम काढला. शेवटी ग्लास माझ्यापुढे आला.

"बोल."

मी उजेडासमोर धरला, हुंगला, घोट घेतला. गिळला. "कोबी," मी म्हणालो. "एनिडबाई, तुम्ही हंडा उकळताना झाकण लावता का?"

"लावते. वाफ वर माझ्या खोलीत जाते. भिंतीचा कागद सुटतो."

"विल्फ लावायचे?"

"विल्फ तासभर हंड्यापाशी उघड्या वाफेत उभा असायचा. मी ओरडायचे, कागद सुटतोय. तो ओरडायचा, सुटू दे."

"तो वास वाफेबरोबर उडून जातो. झाकण लावलं की वाफेचं पाणी होऊन परत आत पडतं."

मला वाटलं, आता त्यांच्या हातातला जग माझ्या तोंडावर रिकामा होणार. मी टोपी घट्ट धरली. पण त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या. त्या रांगेकडे बघत होत्या.

"मला काय नाक नाही?" त्या म्हणाल्या. "मी रोज पिते ती. पहिल्या दिवसापासून मला ठाऊक आहे ती वाईट आहे ते. मी वाट बघत होते कुणीतरी बोलेल. विल्फच्या तोंडावर तुम्ही सगळे बोलायचात. 'विल्फ, हे काय गटार उकळलंयस!' म्हणायचास ना रे रॉय? तो शिव्या द्यायचा आणि पुढच्या खेपेला काहीतरी बदलायचा. तो गेला आणि दुसऱ्या दिवसापासून सगळे छान, छान, छान. करंडक काय, टाळ्या काय. अकरा वर्षं! अरे, मेला तो होता, मी नव्हते!"

रॉयनं मान खाली घातली. पेगबाईंनी तो सहीचा कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. मला काही विजयी वगैरे वाटलं नाही. रोज संध्याकाळी मी म्हटलेलं प्रत्येक 'छान' मला तेव्हा एकदम ऐकू आलं, आणि लाज वाटली. पण मार्क मी बदलले नाहीत. चार ते चारच.

एनिडबाई जग काखेत मारून निघाल्या. माझ्या जवळून जाताना थांबल्या. "पबात तुला बंदी आहे ती आहेच," त्या म्हणाल्या. "भर ध्वनिक्षेपकावर! अक्कल कुठे गेली होती? मंगळवारी मागच्या दारानं शेडमध्ये ये. झाकण काढून करणार आहे."

मी गेलो. शेडमध्ये वाफ अशी कोंडलेली की समोरचं दिसेना, आणि वरच्या खोलीच्या भिंतीवरून कागद सुटतानाचा टर्र आवाज खालपर्यंत येत होता. दर टर्रला एनिडबाई माझ्या नावानं एक शिवी घालत होत्या. मग बिअर मुरायला ठेवली. पिंप हलवायचं नाही, गाळ खाली बसू द्यायचा, या मुद्द्यावर आमचं एक भांडण झालं. हॉप्स कधी घालायचे यावर दुसरं. पिंप तयार झालं तेव्हा त्यांनी पहिला ग्लास भरला, पदराला हात पुसावे तसे अ‍ॅप्रनला पुसले, आणि माझ्यापुढे धरला.

रंग चांगला होता. हुंगलं. कोबी नव्हता, संत्र्याची साल होती, थोडं कापलेलं गवत होतं. मी घोट घेतला आणि सावकाश गिळला. मग कडूपणा आला. आला, बसला, आणि उठायचं नावच घेईना. घसा खरवडून निघाला.

त्यांचे डोळे माझ्या चेहऱ्यावर होते. बंदी उठेल, खुर्ची मिळेल, सगळं एका शब्दावर होतं, आणि तो शब्द मला पाठ होता.

"वाईट आहे," मी म्हणालो.

एनिडबाईंनी पायानं एक स्टूल ओढलं, माझ्यासमोर ठाण मांडून बसल्या, आणि बाह्या सरसावल्या.

"किती वाईट?" त्या म्हणाल्या. "घाई करू नकोस. पहिल्यापासून नीट सांग."